वर्षभर टिकलेली एक सवय सांगा (स्वस्तातली, घरातली)

चिंचगूळ
मंडळी, परवा माळा आवरायला काढला आणि एक खोका सापडला. आत बांबूचे चार टूथब्रश (त्यातले दोन बुरशी येऊन काळे), स्टीलच्या सहा स्ट्रॉ, त्या स्ट्रॉ धुवायचा बारीक ब्रश, मेण लावलेलं कापड जे वाटीवर झाकायचं असतं, आणि सात कापडी पिशव्या ज्यांच्यावर पृथ्वी वाचवा असं इंग्रजीत छापलंय. तीन वर्षांपूर्वी जानेवारीत मला झटका आला होता त्यात मागवलेलं सगळं, एकूण साडेचार हजाराचं. आमच्या घरात आजवर कोणी स्ट्रॉने काही प्यायलेलं नाही, आमचे हे शहाळंसुद्धा तोंड लावून पितात आणि शर्टावर सांडतात.

तर प्रश्न असा की पर्यावरणाच्या दृष्टीने घरात करता येईल अशी एखादी सवय, जी तुम्ही स्वतः किमान वर्षभर पाळलीय, खर्च ५०० रुपयांच्या आत, ती सांगा. फॉरवर्ड आलेलं नको, ऐकीव नको. सोडून दिलेल्या सवयी पण सांगा, त्या जास्त उपयोगी असतात.

माझी एकच टिकलीय. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडायचा नाही. कात्रीने चीर द्यायची आणि तो त्रिकोण पिशवीलाच लोंबकळत ठेवायचा. सुटा तुकडा नखाएवढा असतो, तो ना कचरा वेचणाऱ्यांच्या हाताला लागतो ना भंगारात जातो, केरातून थेट गटारात. मग पिशवी विसळायची, आणि ओली असतानाच सिंकवरच्या टाईल्सवर थापटून चिकटवायची. वाळली की आपली आपण गळून पडते, संध्याकाळी ओट्यावरून उचलायची आणि डब्यात टाकायची. साडेतीन वर्षं झाली. पाहुणे विचारतात भिंतीला काय चिकटवलंय, ते एक सहन करावं लागतं.

नाकतोडा
त्या सहा स्ट्रॉंनी आमरस पिऊन बघा आणि मग तो बारीक ब्रश वापरा. साडेचार हजार वसूल.

हिशेबनीस
५०० चा नियम मोडतोय, पण आकडे देतो मग ठरवा. साधा जुना छताचा पंखा ७५ वॅट घेतो, बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) फुल स्पीडला ३० च्या आसपास. ज्या खोलीत पंखा दिवसाला १४ तास चालतो (आमच्याकडे हॉल, आई दिवसभर तिथेच असते) तिथे महिन्याला साडेएकतीस युनिटचे साडेबारा होतात, म्हणजे १९ युनिट वाचतात. युनिट सरासरी ९ रुपये धरलं तर १७० रुपये. पंखा २८०० ला आणला. उन्हाळाभर सतत चालतो आणि डिसेंबरात बंद असतो हे धरलं तरी दोन वर्षांत पैसे फिटतात. आणि वीजबिलाच्या स्लॅबच्या काठावर असाल तर जास्तच, कारण १०० च्या वरचं युनिट महाग पडतं.

मुद्दा हा की चारही पंखे बदलू नका. सगळ्यात जास्त चालणारा एकच बदला. पाहुण्यांच्या खोलीतला बदलून फक्त रिमोट मिळतो.

फुकटातलं हवं असेल तर सेट टॉप बॉक्स भिंतीवरच्या बटणाने बंद करा. टीव्ही रिमोटने बंद केला तरी तो रात्रभर कोमट असतो, हात लावून बघा.

चिंचगूळ
हिशेबनीस, नियम मोडलात म्हणून दंड, पण आकडे आवडले. माहेरी हाच प्रकार आहे, बाबा हॉलमधे आणि पंखा ज्यांच्या लग्नात आला ते आता आजोबा झालेत.

मांजराकाठ
मी लातूरचा. २०१६ चा उन्हाळा आम्ही काढलाय. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं, मार्चमधे पाण्याच्या टाक्यांपाशी गर्दी नको म्हणून जमावबंदी लावली होती, आणि एप्रिलमधे मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वॅगन, पाच लाख लिटर. टीव्हीवाल्यांनी ते दाखवलं. पण त्या आधीचे आणि नंतरचे महिने घरात कसे गेले ते कोणी दाखवलं नाही.

सवय सांगतो. आमच्याकडं (आणि तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडं असणार) रोज सकाळी माठातलं, हंड्यातलं कालचं पाणी ओतून द्यायचं आणि ताजं भरायचं. का, तर ते शिळं झालं. आई चाळीस वर्षं हे करत होती. दोन मोठे हंडे, एक कळशी, म्हणजे निम्मं उरलेलं धरलं तरी दहा पंधरा लिटर रोज मोरीत. त्या वर्षी मार्चमधे एका सकाळी मी उठलो तर आई हंड्यापाशी नुसती उभी होती. ओतायला हात गेला होता आणि थांबला होता. मग तिनं हंड्यावर ताट झाकलं आणि चहा ठेवायला गेली. तेव्हापासून आमच्या घरात पाणी शिळं होत नाही. धरण नंतर भरलं, नळाला पाणी आलं, तरी नाही.

दुसरं, कपडे खळबळलेलं शेवटचं पाणी बादलीत राखून दुसऱ्या दिवशीच्या कपड्यांना पहिलं पाणी म्हणून वापरायचं. खर्च शून्य, जागा एका बादलीची.

निळीशाई
मांजराकाठ, तुमचं वाचून गप्प झाले. आमच्याकडे पुण्यात अजून ओततात हो. आजच सासूबाईंना हे वाचून दाखवते.

खडकवासलेकर
पाण्यावरनं आठवलं. ज्यांच्याकडे आरओ आहे त्यांनी एकदा ती पांढरी नळी सिंकमधून काढून बादलीत सोडा आणि बघा. माझ्याकडे एक लिटर पिण्याचं पाणी निघताना तीन लिटर त्या नळीतून वाहून जात होतं. पाच माणसांचं घर, रोज पंधरा लिटर पाणी पिण्याला, स्वयंपाकाला धरा आणि गुणाकार करा.

मी ८ वर्षं हे ते पाणी साठवून फरशी पुसायला, संडासात ओतायला वापरत होतो आणि स्वतःची पाठ थोपटत होतो. मग २५० रुपयाचं टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) आणलं, नळाचं पाणी मोजलं तर ८०! म्हणजे आरओची गरजच नव्हती. सेल्समनने आठ वर्षांपूर्वी दोन तारा बुडवून पाणी काळंनिळं करून दाखवलं होतं आणि आम्ही घाबरून घेतलं. आता साधा यूव्ही (किरणांनी जंतू मारणारा) आहे, पाणी वाया जात नाही. टँकर किंवा बोअरचं पाणी असेल तर गोष्ट वेगळी, पण आधी मोजा.

आणि हो, आरओचं फेकायचं पाणी कुंड्यांना रोज घालू नका, त्यात क्षार जास्त असतात, माझा कढीपत्ता त्यानेच गेला.

टवाळ पंडित
कारखाने नदीत काय सोडतात ते बघा आधी. लोकं खाजगी विमानातून लग्नाला जातायत आणि आम्ही दुधाच्या पिशव्या भिंतीला चिकटवतोय. मजा आहे.

हिशेबनीस
पंडित, कारखान्याबद्दल तुमचं बरोबर आहे, तक्रार करा, मी सही करतो. पण विजेचं बिल कारखान्याच्या नावाने येत नाही ना माझ्याकडे.

बापू सांगलीकर
आमची सवय डबा न्यायची. मटण, चिकन, इडलीचं पीठ, फरसाण, काहीही. पहिल्यांदा मटणाच्या दुकानात स्टीलचा डबा पुढं केला तर पोरगं म्हणालं काका वजनाला त्रास होतोय. मी म्हटलं त्यात त्रास काय, धडा कर की. ते बघतंय माझ्याकडं. मग त्याचा बाप आतनं आला, त्याला बरोबर कळलं. रिकामा डबा काट्यावर ठेवला, बटण दाबून शून्य केलं, मग मटण टाकलं. आता रविवारी मला बघितलं की पोरगं लांबूनच ओरडतंय, धडावाले काका आले. दोन काळ्या पिशव्या दर रविवारी वाचतात, आणि गल्लीतली कुत्री आमच्या केराच्या बादलीपाशी येत नाहीत हा वरचा फायदा.

मोगरी
धडा म्हणजे काय पण? आम्हाला फक्त पुस्तकातला माहितीये.

बापू सांगलीकर
भांड्याचं वजन आधी मोजून वजा करायचं. पूर्वी तराजूत दुसऱ्या पारड्यात तेवढे दगड टाकायचे नाहीतर वजनं. तुमच्या भाषेत झिरो करणं.

गवतीचहा
सोडून दिलेली सवय सांगते. बायोएन्झाईम. प्रमाण सगळ्यांना पाठ असतं, एक भाग गूळ, तीन भाग मोसंबी लिंबाची सालं, दहा भाग पाणी, तीन महिने ठेवा, घरगुती क्लीनर तयार. मी ते केलं काचेच्या बरणीत आणि झाकण घट्ट लावलं. पहिला महिनाभर त्यात गॅस होतो आणि रोज झाकण उघडून सोडायचा असतो हे मी वाचलं होतं, पण मधे आम्ही चार दिवस नाशिकला गेलो. परत आलो त्याच रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात धडाम. सासरे काठी घेऊन उठले चोर आला म्हणून. सालं छताला, काचा मिक्सरमधे, आणि वास पुढचे आठ दिवस, कुठल्याश्या लिंबाच्या लोणच्याला दारू पाजल्यासारखा.

दुसरा प्रयत्न प्लास्टिकच्या बाटलीत नीट केला, झाला पण चांगला, बेसिन आणि संडास मस्त निघतो. पण मी उत्साहात जुन्या घरातल्या शहाबादी फरशीवर ओतला आणि फरशीची चमक गेली, पांढरट डाग पडले ते कायमचे. आंबट असतो ना तो, आणि शहाबादी फरशी म्हणजे चुनखडीच. मार्बललाही तेच होईल. नवीन करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, आणि ब्लीचिंग किंवा क्लोरीनवाल्या लिक्विडबरोबर तर चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो.

नाकतोडा
सासरे काठी घेऊन आले आणि बायोएन्झाईमने आधीच गोळीबार केला होता, धागा हसून हसून वाचतोय.

रातांबा
आमची कुडाळची पद्धत. तूरडाळ अर्धा तास आधी भिजत टाकायची, कुकरला डाळ भात बटाटे एकावर एक, पहिली शिट्टी झाली की गॅस अगदी बारीक, पाच सात मिनिटांनी बंद. शिट्ट्या मोजत बसायचं नाही, पहिल्या शिट्टीनंतर मोठा गॅस म्हणजे नुसती वाफ बाहेर घालवायची. बंद केल्यावर कुकर लगेच नळाखाली धरायचा नाही, आतली वाफ फुकट शिजवत असते तिला शिजवू दे. आमचा सिलेंडर आधी चाळीस दिवस जायचा, आता पन्नासच्या आसपास जातो, माणसं तेवढीच.

आजी तर पेजेचं भांडं एकदा खळखळून उकळलं की चुलीवरून उतरवून जुन्या गोधडीत गुंडाळून ठेवायची, तासाभराने पेज तयार. मी भात आणि मूगडाळीला करून बघितलंय, होतो मस्त. राजम्याला मात्र करू नका, तो कच्चट राहिला तर पोट वाईट बिघडतं, त्याला सणसणीत उकळी आणि कुकरच पाहिजे.

निळीशाई
आता जरा कडू बोलते. सगळ्यांच्या सवयी छान आहेत पण एक विचारू का, हे सगळं करतं कोण? पिशव्या विसळणं, डाळ वेळेवर भिजत घालणं, बायोएन्झाईमची झाकणं उघडणं, उरलेलं पाणी बादलीत राखणं. वर आजीच्या आठवणी निघतात, आजी राखेने भांडी घासायची, आजी गोधड्या शिवायची. माझ्या आजीच्या बोटांना त्या राखेने भेगा पडायच्या आणि रात्री ती त्यात मेण भरायची. तिला कोणी विचारलं असतं तर तिने बाजारातली वडी पहिल्याच दिवशी आणली असती, आणि वडी आल्यावर आणलीच तिने.

मी नोकरी करते. वर्षभर मुलाला कापडी लंगोट वापरले, रोज पंधरा वीस धुवायचे, नवरा अभिमानाने मित्रांना सांगायचा आम्ही डायपर वापरत नाही. आम्ही कोण बाबा? आणि ज्या घरात बाई धुत नाही तिथे कामाच्या मावशी धुतात, त्यांचा पगार त्यासाठी किती वाढवला ते कोणी लिहीत नाही. म्हणून चिंचगूळ, तुझ्या नियमात अजून एक कलम घाल, सवय सांगणाऱ्याने ती स्वतःच्या हाताने केलेली असावी.

चिंचगूळ
कलम मंजूर. तसा "स्वतः" शब्द ठळक केलाच होता मी, पण लोकांनी घराणं धरलं.

टवाळ पंडित
निळीशाईताई, पहिल्यांदा कोणीतरी खरं बोललं इथे.

कल्याणस्लो
निळीशाई, तुम्ही लिहिलेलं मला लागलं कारण आमच्याकडे असंच होतं. बायकोने कंपोस्टची बादली आणली आणि मी फक्त फोटो काढत होतो. एक दिवस त्यातून अळ्या निघाल्या, गव्हाच्या दाण्याएवढ्या, मळकट पांढऱ्या, आणि रांगेने बाल्कनीतून हॉलकडे निघाल्या. आई म्हणाली आत्ताच्या आत्ता ही बादली घराबाहेर. बायको म्हणाली मी सकाळी साडेसहाची लोकल पकडते, मला हे जमणार नाही, तुला ठेवायची असेल तर तू कर. गेली दोन वर्षं मी करतोय, म्हणून कलमात बसतो.

सांगतो नीट. रंगाचा वीस लिटरचा रिकामा डबा, रंगाऱ्याकडून पन्नास रुपयाला. बुडाला आणि बाजूने तापलेल्या सळईने भोकं. तळाला नारळाच्या शेंड्या. मग रोजचा ओला कचरा, भाजीची देठं, सालं, चहाचा चोथा, निर्माल्य (दोरा काढून), आणि प्रत्येक वेळी वर मूठभर सुकं काहीतरी, वाळका पाला, अंड्याच्या पुठ्ठ्याचे तुकडे, सुताराकडचा भुसा. हे सुकं घालायला कंटाळतात तिथेच वास येतो. वास म्हणजे पाणी जास्त आणि हवा कमी, बाकी काही नाही. हातात मूठभर घेऊन दाबायचं, थेंब गळले तर सुकं घाला, भुगा उडाला तर ताक शिंपडा. आंबट ताक हेच विरजण, बाजारातली महाग पावडर मी कधी आणली नाही.

त्या अळ्या काळ्या सैनिक माशीच्या असतात. कचरा झपाट्याने खातात, चावत नाहीत, ती माशी घरात जेवणावर येऊन बसत पण नाही. मोठ्या झाल्या की कोरडी जागा शोधत बाहेर निघतात म्हणून आमच्या हॉलकडे निघाल्या होत्या. डब्याला वरून जुन्या बनियनचं कापड बांधलं, प्रश्न मिटला. दीड दोन महिन्यांनी चहा पावडरसारखं दिसायला लागतं. नारळाच्या करवंट्या, आंब्याच्या कोयी, हाडं घालू नका, पुढच्या वर्षी पण तशीच सापडतात.

आई आता त्यातलं खत मागून घेते तुळशीला. अळ्यांचा विषय आम्ही काढत नाही.

मोगरी
सोसायटी मोठी असेल तर हे एकट्याने करायची पण गरज नाही खरं तर. २०१६ च्या घनकचरा नियमांत ५००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा असं होतं. आमच्या सोसायटीत खड्डे आहेत, त्यावर आता बॅडमिंटन खेळतात.

माझी सवय सांगते, इथे कोणी लिहीत नाही म्हणून. २०१९ मधे ३५० रुपयांचा मेन्स्ट्रुअल कप घेतला, अजून तोच आहे. पहिले दोन महिने शिव्या घातल्या, तिसऱ्या महिन्यात जमलं. महिन्याला साठ सत्तर रुपयांची पॅडं वाचली ते सोडा, मला खरं समाधान वेगळं आहे. आमच्याकडे कचरा घ्यायला 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या मावशी येतात. पुण्यात पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढून द्यायची पद्धत त्यांनीच सुरू केली, म्हणजे वर्गीकरण करताना उघडून बघावं लागत नाही. ज्या बायकांना कप नको त्यांनी निदान एवढं करा. लाल पेन दारामागे दोरीला बांधून ठेवलंय आम्ही, नाहीतर वेळेवर सापडत नाही.

दहाबायबारा
परळची चाळ, १९८२ चा जन्म, गिरणी संपाचं वर्ष. वडील दीड वर्ष घरी. इथे जे जे लिहिलंय ते सगळं आम्ही केलंय, फक्त कोणी विचारलं तर लपवायचो. जून आला की जुन्या वह्यांतले कोरे आणि पाठकोरे कागद फाडून आई दाभणाने शिवायची, वर कॅलेंडरचं कव्हर. माझ्या गणिताच्या वहीत उलट बाजूला वरच्या मजल्यावरच्या मुलीचं इतिहासाचं अर्ध उत्तर असायचं. शिवाजी महाराज आग्र्याहून सुटले आणि पुढचं पान नाही.

आज माझ्या मुलाच्या शाळेत रीसायकल पेपरच्या वह्या नव्वद रुपयाला एक अशा घ्यायला लावल्या. मी त्याला म्हटलं घरी करून देतो, तर म्हणाला मिस चालवणार नाहीत.

निळीशाई
"आग्र्याहून सुटले आणि पुढचं पान नाही" 🙂 अहो तुम्ही लिहीत जा ना इथे अजून.

खडकवासलेकर
पाठकोरे! किती वर्षांनी हा शब्द वाचला. आमच्याकडे लग्नपत्रिकांचे पाठकोरे करून किराण्याची यादी लिहितात अजून.

हिशेबनीस
कापडी पिशव्यांवर कोणी बोललं नाही. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याचा २०१८ चा अहवाल आहे, नवीन सुती पिशवी पातळ प्लास्टिकच्या पिशवीपेक्षा बरी ठरायला, फक्त हवामानाचा निकष लावला तर ५२ वेळा वापरावी लागते, आणि पाणी, ओझोन वगैरे सगळे निकष लावले तर ७१०० वेळा. रोज एकदा म्हटलं तरी १९ वर्षं. चिंचगूळ यांच्या सात पिशव्यांचा हिशेब आपापला करावा.

चिंचगूळ
१३३ वर्षं. बघते.

मांजराकाठ
हिशेबनीस, अहवाल खरा असेल, पण डेन्मार्कात कचरा भट्टीत जातो, आपल्याकडं गाईच्या पोटात जातो.

कल्याणस्लो
आणि नाल्यात. २६ जुलै २००५ ला सांताक्रुझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला, तेव्हा मी कुर्ल्याला छातीभर पाण्यात होतो. पाऊस प्रचंड होता हे खरंच, पण पाणी उतरल्यावर गटारांच्या तोंडाशी काय निघालं ते मी डोळ्यांनी बघितलंय. तो निकष कुठल्या अहवालात बसवणार? राज्यात २०१८ ला बंदी आली तरी भाजीवाला अजून विचारतो, पिशवी देऊ का, आणि आपणच हो म्हणतो.

हिशेबनीस
मान्य. मी प्लास्टिक वापरा म्हणत नाहीये, नवीन कापडी पिशवी विकत घेऊ नका म्हणतोय. जुन्या पँटीचे पाय कापून एका बाजूने टीप मारली की पिशवी, कापूस नव्याने पिकवावा लागत नाही. टीप मी मारली, कलमाची काळजी नको.

नाकतोडा
मी ती पिशवी बघितलीय. मागचा खिसा तसाच ठेवलाय आणि त्यात सुट्टे पैसे ठेवतो हा माणूस.

स्टुटगार्टची सून
जर्मनीहून डोकावतेय. इथे पाण्याच्या, कोकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, दुकानातल्या मशीनमधे बाटली घातली की पावती मिळते. आई आली होती तेव्हा तिला इतका नाद लागला की बागेत फिरायला जाताना पिशवी घेऊन जायची, मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. महिन्याभरात १४ युरो जमवले आणि म्हणाली, यात नवीन काय, आपल्याकडे सोड्याची बाटली परत द्यायचो की.

पण तिला एक इथे आवडलं नाही, जुने कपडे द्यायला पेटी आहे, बोलायला कोणी नाही. बोहारीण पाहिजे म्हणे.

गवतीचहा
अगं बोहारीण! आमच्या गल्लीत अजून एक येते, महिन्यातून एकदा, डोक्यावर पाटी. चार साड्या आणि एक पँट दिली तर पातेलं दाखवते, आपण घमेल्याकडे बोट दाखवायचं, मग ती म्हणते अजून एक जरीची टाका. अर्धा तास जातो. मागच्या वेळी मी जिंकले असं वाटलं, घरी येऊन बघते तर पातेलं बुडाला डगमगतं.

रातांबा
ती नेहमी जिंकते. शास्त्र आहे ते.

टवाळ पंडित
बरं, मी पण एक कबूल करतो. एसीचं पाणी बादलीत धरतो गेले दोन उन्हाळे, रोज सात आठ लिटर होतं, गाडी पुसतो. आता हसा.

नाकतोडा
एसी लावून पर्यावरण, वा. ते पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत चालतं म्हणे?

खडकवासलेकर
नको! एसीच्या कॉईलवरून धूळ, धातूचे कण घेऊन येतं ते. बॅटरीला डिस्टिल्डच आणा, पाच लिटरचा कॅन स्वस्त असतो. पुसायला, कुंड्यांना खुशाल वापरा. आणि पंडित, एसी २४ च्या खाली नेऊ नका, २०२० पासून नवीन एसी चालू केला की आपोआप २४ लाच लागतो ते उगाच नाही.

चिंचगूळ
महिना झाला धागा काढून, हिशेब द्यायला आले.

मी केलेलं. एक, शिळं पाणी ओतणं बंद. सासूबाई नाही, मीच ओतत होते हे लिहिताना लाज वाटतेय. दोन, चिकनला डबा. धडा म्हटल्यावर आमच्या दुकानदाराने माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की जणू मी त्याच्या आजोबांची ओळखीची आहे. तीन, बाबांचा पंखा बदलला, त्यांना रिमोट इतका आवडलाय की ते आता वारा कमी जास्त करत बसतात, युनिट वाचतायत का ते पुढच्या बिलात बघू.

कंपोस्ट नाही जमलं. नऊ दिवस. अळ्यांपर्यंत पोचलेच नाही, आधीच चिलटं झाली. कल्याणस्लो, मी सुकं घालायला कंटाळले, तुम्ही बरोबर होतात. आता यांना सांगितलंय की हवं असेल तर तू कर. ते विचार करतायत.

दुधाच्या पिशव्या विकल्या. साडेतीन वर्षांच्या नाही, यंदाच्या. भंगारवाल्याने दोन्ही हातांनी दाबून बघितल्या, म्हणाला ताई कोरड्या आहेत म्हणून घेतो. बावीस रुपये आले.

मोगरी
आणि त्या खोक्याचं काय झालं?

चिंचगूळ
पिशव्या सात घरी वाटल्या, १९ वर्षांच्या अटीवर. बांबूच्या ब्रशने गॅसची शेगडी घासते. स्ट्रॉ धुवायच्या ब्रशने मिक्सरच्या झाकणाची ती रबरी खाच काय सुंदर निघते म्हणून सांगू, वर्षानुवर्षांची चटणी होती आत.

निळीशाई
आणि स्ट्रॉ?

चिंचगूळ
एक परकरात नाडी ओवायला ठेवलीय. नाडीचं टोक आत खुपसायचं, वरून चिकटपट्टी, आणि सरकवत न्यायची. उरलेल्या पाच कोणाला हव्यात का?